दोष हाताचा की वस्तूचा?

(पूर्व उपनगरांतल्या महिला गटांच्या मुलुंड येथे झालेल्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचं हे लिखित रूप.)



८ मार्चचा कार्यक्रम आपण नुकताच केला. आणखी चार दिवसांनी १५ मार्च येतो. तो जागतिक ग्राहक हक्क दिन. या दोन तारखांच्या मधोमध आपली बैठक आली म्हणून आजचा विषय मी मुद्दाम घेतला आहे: विकत घेतलेला मोबाइल लवकर मोडला, बिघडला, तर बाईने काय करायचं?

विषय कळल्यावर काहीजणींनी मला आधीच विचारलं, "मारहाण आहे, पाणी आहे, घरांचा प्रश्न आहे, त्यात तू मोबाइल कुठे आणलास?" प्रश्न रास्त आहे. 'ग्राहक' हा शब्द ऐकला की आपल्याला चंगळवाद आठवतो, जाहिराती आठवतात, मॉल आठवतो. पण आपल्या वस्त्यांमध्ये मोबाइल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. घरकाम करणाऱ्या ताईला कामाचे निरोप त्यावर येतात. भाजी विकणाऱ्या मावशीचे पैसे त्यावर जमा होतात. 'लाडकी बहीण' योजनेची ई-केवायसी २०२५ मध्ये करायची होती, तेव्हा फोनवरच्या ओटीपीशिवाय पुढे जाता येत नव्हतं. आणि घरात मार खाणारी बाई मदतीसाठी पहिला हात घालते तो फोनलाच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांनी सांगितलं, की आपण स्वतः वापरतो असा मोबाइल आपल्याकडे आहे. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांकडे तो नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो मिळवण्यासाठी किती दिवस बोलणी खाल्ली, किती महिने पैसे साठवले, हे इथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. असा फोन दोन महिन्यांत बंद पडला, तर दुसरा मिळेलच याची खात्री नसते. त्यामुळे तो बिघडला की काय होतं, हा आपल्या चळवळीचाच प्रश्न आहे.

पहिला निकाल घरात लागतो

फोन बिघडला की पुरुषाला लोक विचारतात, "काय झालं? कुठल्या कंपनीचा होता?" बाईला विचारतात, "पाडलास ना?" मी गेली काही वर्षं वस्त्यांमध्ये काम करते आहे. हा फरक मला जवळजवळ प्रत्येक घरात दिसला आहे.

घाटकोपर पश्चिमेला डोंगरावरच्या वस्तीत एक ताई पोळीभाजीचे डबे देतात. त्यांची हकीकत सांगते. डब्यांच्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, पैसे क्यूआर कोडवर येतात. त्यांनी अकरा हजारांचा फोन हप्त्यांवर घेतला. दीड महिन्यात पडद्यावर उभ्या हिरव्या रेघा आल्या, आणि आठवडाभरात अर्धा पडदा काळा झाला. काच कुठेही फुटलेली नव्हती. घरात नवऱ्याने निकाल देऊन टाकला, "तुला वस्तू सांभाळता येत नाही." त्या सर्व्हिस सेंटरला गेल्या. तिथल्या मुलाने फोन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "मावशी, फोन पडलाय. फिजिकल डॅमेज आहे. वॉरंटीत बसत नाही. पडदा बदलायचे साडेचार हजार होतील." त्यांनी बिल पुढे केलं तर तो म्हणाला, "हे तर दुसऱ्याच्या नावावर आहे. ज्याचं बिल त्याला पाठवा." हप्त्याचं कर्ज भाच्याच्या कार्डावर मिळालं होतं, म्हणून बिलही भाच्याच्या नावावर होतं.

घरातला निकाल आणि दुकानातला निकाल एकच आहे, हे लक्षात घ्या. दोन्ही ठिकाणी वस्तू तपासण्याआधीच बाईचा हात दोषी ठरला. आपल्याला लहानपणापासून तसंच शिकवलेलं असतं. दूध उतू गेलं तर आपलं लक्ष नव्हतं, कपबशी फुटली तर आपण धांदरट. मग फोन बंद पडला की आपण स्वतःच म्हणतो, "असेल बाई, पडला असेल माझ्याच हातून." या सवयीचा फायदा विकणाऱ्याला आयता मिळतो. बाई भांडत नाही, पैसे भरते, नाहीतर फोन कपाटात ठेवून देते.

कायदा मात्र वेगळा प्रश्न विचारतो. तो विचारतो, वस्तूत दोष होता का?

कायद्यात काय आहे

१९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आपल्यापैकी अनेकींना माहीत आहे. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट, ग्राहक कोण? ज्याने पैसे देऊन वस्तू घेतली तो ग्राहक आहेच. पण त्याच्या संमतीने जी व्यक्ती ती वस्तू वापरते, तीही कायद्याने ग्राहक आहे. हे वाक्य आपण पाठ करायला हवं. बिल नवऱ्याच्या नावावर, मुलाच्या नावावर, भाच्याच्या नावावर असलं आणि फोन त्यांच्या संमतीने तुम्ही वापरत असाल, तर तक्रार करण्याचा हक्क तुम्हाला आहे. "ज्याचं बिल त्याला पाठवा" हे उत्तर कायद्यात बसत नाही.

दुसरी गोष्ट, धंद्यासाठी घेतलेली वस्तू. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक धरला जात नाही. "तुम्ही धंद्याला फोन वापरता, मग तुम्ही ग्राहक नाही," असं कंपनी म्हणू शकते. पण कायद्यातच खुलासा आहे, की केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू विकत घेऊन स्वतः वापरली असेल, तर तो व्यापारी उपयोग नव्हे. डबे देणारी, शिवणकाम करणारी, मासळी विकणारी बाई त्यामुळे बाहेर पडत नाही.

तिसरी गोष्ट, दोष म्हणजे काय? गुणवत्तेत किंवा दर्जात असलेला कोणताही दोष, अपुरेपणा किंवा उणीव. हा दर्जा कायद्याने ठरलेला असेल, करारात उघड लिहिलेला किंवा गृहीत धरलेला असेल, किंवा विकणाऱ्याने स्वतः तसा दावा केलेला असेल. 'गृहीत धरलेला' या शब्दांत बरंच काही आहे. फोन विकत घेताना कोणी लिहून देत नाही, की तो पर्समध्ये राहील, लोकलच्या गर्दीत दाबला जाईल, हात ओला असताना उचलला जाईल. पण फोन असाच वापरला जातो. आपल्या कपड्यांना खिसे नसतात. अनेकजणी फोन ब्लाउजमध्ये ठेवतात, तिथे घाम लागतो. मुंबईत चार महिने पाऊस असतो. मुंबईत विकलेली वस्तू मुंबईच्या पावसाळ्यात रोजच्या साध्या वापराला टिकावी, ही अपेक्षा काही फार नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. तिसऱ्या मजल्यावरून फोन पडला, बादलीत पडला, त्यावर पोराने पाय दिला, तर तो कंपनीचा दोष नव्हे. अशा वेळी खोटं बोलून तक्रार करू नये. एका खोट्या तक्रारीने पुढच्या दहा खऱ्या तक्रारी कमजोर होतात. आपलं म्हणणं एवढंच आहे, की दोष कोणाचा हे तपासल्याशिवाय ठरवू नका.

'फिजिकल डॅमेज' आणि लाल पट्टी

वॉरंटीतून बाहेर काढण्याचे शब्द दोन. एक 'फिजिकल डॅमेज' आणि दुसरा 'लिक्विड डॅमेज'. बहुतेक फोनच्या आत एक छोटी पट्टी चिकटवलेली असते. तिला पाणी लागलं की तिचा रंग लाल किंवा गुलाबी होतो. सर्व्हिस सेंटरचा माणूस पट्टी दाखवतो आणि विषय संपवतो. पण ती पट्टी पाणी लागलं एवढंच सांगते. ते कसं लागलं, किती लागलं, आणि फोन त्याचमुळे बंद पडला का, हे ती सांगत नाही. तसंच कडेला बारीकसा ओरखडा असला म्हणून आतली बॅटरी त्याच ओरखड्याने गेली, असं होत नाही. हे प्रश्न तिथेच विचारा, आणि उत्तर लेखी मागा.

जाहिरात एक सांगते आणि वॉरंटी दुसरं सांगते, हाही प्रकार आहे. पाण्यात टिकणारा म्हणून फोन विकायचा आणि पाणी लागलं की वॉरंटी नाही म्हणायचं, हे जगभर चाललं आहे. इटलीत २०२० मध्ये तिथल्या नियामक संस्थेने याच कारणासाठी अ‍ॅपलला १ कोटी युरो दंड केला. ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये न्यायालयाने सॅमसंगच्या तिथल्या कंपनीला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. जाहिरातीत फोन पोहण्याच्या तलावात आणि समुद्रात वापरता येतात असं भासवलं होतं, आणि प्रत्यक्षात त्यांची चार्जिंगची जागा गंजून बिघडू शकत होती. आपल्याकडेही दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई करण्यासाठी २०२० पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा त्याला अधिकार आहे. त्याच्याकडे जाणारी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. तेव्हा जाहिरातीचं कात्रण, खोक्यावरचा मजकूर, दुकानदाराने दाखवलेला कागद टाकून देऊ नका.

कागद कसे जमवायचे

आता कामाचं बोलू. भांडण चांगलं असलं तरी कागदाशिवाय ते उभं राहत नाही.

बिल मागाच. स्टेशनबाहेरच्या गाळ्यावर "बिल घेतलं तर हजार रुपये जास्त" असं सांगतात. पण बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल शक्यतो आपल्या नावावर घ्या. खोकं जपून ठेवा. फोनवर *#०६# दाबलं की त्याचा आयएमईआय क्रमांक दिसतो, तो वहीत लिहून ठेवा.

सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं हीही अनुचित प्रथाच आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत दुकानदाराने वस्तू परत घेऊन पैसे द्यायला हवेत. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी पाहून मागे फिरू नका.

सर्व्हिस सेंटरला फोन देताना जॉबशीट मिळते. खरी लढाई या कागदावर होते. आपण सांगतो एक आणि मुलगा इंग्रजीत लिहितो दुसरं. डबेवाल्या ताईंच्या जॉबशीटवर 'डिस्प्ले ब्रोकन' असं लिहिलं होतं. काच तर अखंड होती! सही करण्याआधी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहायला लावा: 'काच फुटलेली नाही. पडद्यावर आपोआप रेघा आल्या.' फोन हातातून देण्याआधी काउंटरवरच त्याचे चारही बाजूंनी फोटो दुसऱ्या फोनवर काढा. एकटीने जाऊ नका, गटातली एकजण बरोबर असू द्या. तोच बिघाड पुन्हा आला तर पुन्हा जॉबशीट घ्या. एकाच बिघाडाच्या तीन जॉबशीट हा मोठा पुरावा असतो.

ऑनलाइन घेतला असेल तर तक्रार त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करायची. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायला हवी आणि महिन्याभरात तक्रार सोडवायला हवी.

फोन हप्त्यांवर असेल तर रागाने हप्ते थांबवू नका. कर्ज देणारा वेगळा असतो, दंड तुमच्यावरच चढेल. हप्ते भरत राहा आणि तक्रारीत त्या रकमेची, व्याजाची भरपाई मागा.

यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करते. डबेवाल्या ताईंचं काम इथेच झालं. अखंड काचेचे फोटो, जॉबशीटवरच्या मजकुराला हरकत घेणारं पत्र आणि हेल्पलाइनवरची तक्रार, एवढ्यावर तीन आठवड्यांनी पडदा फुकट बदलून मिळाला. त्या तीन आठवड्यांत त्यांच्या ऑर्डरी गेल्या, त्याचे पैसे कोणी दिले नाहीत. पण साडेचार हजार वाचले. आणि घरात त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "बघा, फोनच खराब होता."

आयोगाची पायरी

हेल्पलाइनने काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. मुंबई उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्वेला आहे. आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय दिल्लीत असो की बंगळुरूत, मुलुंडच्या बाईने वांद्र्यालाच जायचं. ही सोय २०१९ च्या कायद्याने झाली. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करायची. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्याही ती दाखल करता येते.

आयोग काय देऊ शकतो? दोष दूर करायला सांगू शकतो, वस्तू बदलून द्यायला लावू शकतो, पैसे व्याजासह परत करायला लावू शकतो, त्रासाची भरपाई आणि दाव्याचा खर्च देऊ शकतो. आदेश पाळला नाही तर दंड आणि कैदही होऊ शकते.

दोष नुसता पाहून कळत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. ही तपासणी मागून घ्या. 'आतून मुळातच दोष होता' हे दाखवण्याचा भार बऱ्याच प्रमाणात आपल्यावर येतो. फियाट मोटारीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलं, की निर्मितीतला दोष सिद्ध झाल्याशिवाय गाडी बदलून किंवा पैसे परत मिळणार नाहीत. फोनलाही हाच विचार लावला जातो. म्हणून तर जॉबशीटवर मी एवढा वेळ बोलले.

वकील लागतोच असं नाही. बाई स्वतः उभी राहू शकते. तिच्या वतीने तिने अधिकार दिलेली, वकील नसलेली प्रतिनिधीही उभी राहू शकते. हा हक्क मुंबईतल्याच एका वादातून पक्का झाला. इथल्या ग्राहक मंचापुढे वकील नसलेल्या प्रतिनिधींना अडवलं गेलं. मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये प्रतिनिधींच्या बाजूने निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो कायम ठेवला. ठरलेले नियम पाळून हे काम करायचं असतं, तो धंदा करायचा नसतो. पण आपल्या प्रत्येक गटातली एक कार्यकर्ती हे काम शिकू शकते.

आता कडू भाग. तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. आयोगांवरच्या जागा रिकाम्या राहतात म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. रोजंदारीवरच्या बाईची एक तारीख म्हणजे एक दिवसाची मजुरी. त्यामुळे आठ हजारांच्या फोनसाठी वांद्र्याला फेऱ्या मारणं प्रत्येकीला परवडत नाही, आणि विकणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. इथेच एकट्या बाईचं बळ संपतं आणि संघटनेचं काम सुरू होतं.

अंगणवाडीच्या बायकांनी काय केलं

याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २०१९ मध्ये पोषण अभियानासाठी महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना सरकारने मोबाइल दिले. लाखाच्या आसपास बायकांच्या हातात हे फोन होते. त्यांची रॅम फक्त २ जीबी. पुढे २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' हे अ‍ॅप आलं. फोन त्या ओझ्याने अडकायचे, तापायचे, बंद पडायचे. माहिती इंग्रजीत भरावी लागायची. त्याच वर्षी फोनची वॉरंटी संपली आणि दुरुस्तीचा तीन हजारांपासून पुढचा खर्च तुटपुंज्या मानधनातून सेविकांनीच करावा असं घडू लागलं.

म्हणजे इथेही तेच. वस्तू निवडली दुसऱ्याने, ती कामाला अपुरी पडली, आणि भुर्दंड वापरणाऱ्या बाईच्या माथी.

पण या बायकांनी "माझ्या हातून बिघडला" असं म्हटलं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी राज्यभर 'मोबाइल वापसी' आंदोलन केलं. एकत्र जाऊन फोन सरकारी कार्यालयांत जमा केले. २० फेब्रुवारी २०२३ पासून झालेल्या संपातही मानधनवाढीबरोबर चांगल्या मोबाइलची मागणी होती. एकटी सेविका गेली असती तर तिला हिशेब विचारला गेला असता. हजारो फोन एकाच वेळी टेबलावर आले तेव्हा प्रश्न वस्तूच्या दर्जाचा झाला.

ग्राहकाच्या प्रश्नावर बायकांनी एकत्र येणं मुंबईला नवीन नाही. १९६६ मध्ये या शहरात नऊ बायकांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही देशातली सुरुवातीची ग्राहक संघटना उभी केली. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधी महिला समिती झाली आणि हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. एकत्र धान्य-किराणा खरेदी करणारे तिचे गट वर्षानुवर्षं बायकांच्या कष्टांवर चालत आले आहेत. तेल आणि साखरेचा हिशेब मागणाऱ्या त्या बायकांनी ग्राहक म्हणजे चैन करणारा असं मानलं नव्हतं. आपणही मानू नये.

दोन गोष्टी, फक्त बायकांच्या

फोन दुरुस्तीला देताना आपल्याला आणखी एक भीती असते. त्यात आपले फोटो असतात, निरोप असतात. कितीतरी जणी याच भीतीने दुरुस्ती टाळतात. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला देणं, हीसुद्धा कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. बाईच्या खासगी अंगांची छायाचित्रं तिच्या संमतीशिवाय पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे. तरी सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढून घ्या, फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा, आणि शक्य असेल तेव्हा दुरुस्ती समोर बसून करून घ्या.

दुसरी गोष्ट अवघड आहे. काही फोन पडत नाहीत, ते फेकले जातात. "पडला" असं सांगणारी बाई खाली बघत असेल तर तिला एकांतात विचारा. नवऱ्याने बाईचा फोन आपटून फोडला, तिचा माहेरशी आणि मैत्रिणींशी संबंध तोडला, तर तिथे वॉरंटी कामाची नाही. तो कौटुंबिक हिंसाचार आहे. २००५ चा कायदा शारीरिक मारहाणीबरोबर मानसिक आणि आर्थिक छळही मानतो, आणि त्याखाली नुकसानभरपाई मागता येते. संरक्षण अधिकाऱ्याकडे जाताना फुटलेला फोनही बरोबर न्या. ग्राहक म्हणून काम करणाऱ्या कार्यकर्तीला हा फरक ओळखता यायलाच हवा.

आपली मागणी काय

प्रत्येक बाईने आपापली तक्रार लढवावी, एवढ्याने भागणार नाही. वस्तूच टिकाऊ आणि दुरुस्त होणारी बनायला हवी. युरोपात २० जून २०२५ पासून मोबाइलसाठी नवे नियम लागू झाले. फोन पडण्याला किती टिकतो याची श्रेणी ग्राहकाला लेबलवर दाखवावी लागते. मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं मुख्य सुटे भाग मिळाले पाहिजेत. बॅटरी ८०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावरही तिची किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. म्हणजे 'पडला' एवढ्याने तिथे प्रश्न संपत नाही. किती पडण्याला टिकायला हवा होता, हे आधीच लिहिलेलं असतं.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळ सुरू केलं. वस्तू दुरुस्त करायला किती सोपी आहे याचा निर्देशांक असावा, असा अहवाल दुसऱ्या समितीने मे २०२५ मध्ये दिला. या मागण्या श्रीमंत ग्राहकाच्या आहेत असं समजू नका. महागड्या फोनवाल्याला दुसरा फोन घेता येतो. सुटे भाग मिळाले, माहिती खुली झाली, तर आपल्या गल्लीतला दुरुस्तीवाला फोन वाजवी पैशांत नीट करून देईल, आणि त्याचा फायदा आधी आपल्याला आहे.

जाण्यापूर्वी तीन गोष्टी आजच ठरवू. प्रत्येक गटाने बिलांची एक फाइल ठेवावी. घरच्यांच्या फायलीत बाईचं बिल सापडत नाही, गटाच्या फायलीत सापडेल. प्रत्येक गटातून दोघींनी पुढच्या महिन्यात जॉबशीट वाचायला आणि तक्रारअर्ज लिहायला शिकावं, त्यासाठी एक दिवसाचं शिबीर घेऊ. आणि एकाच मॉडेलच्या, एकाच बिघाडाच्या तीन तक्रारी जमल्या की त्या वेगळ्या ठेवायच्या नाहीत. सारख्या हिताच्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. नावं घ्यायला मी इथेच बसते आहे. ज्यांच्या कपाटात बंद फोन पडून आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीला ते आणि असतील ते कागद घेऊन यावं. दोन वर्षांची मुदत कोणाची कधी संपते, ते आपण एकत्र बसून पाहू.